सल्ल्याची लेव्ही



२५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात सव्वीस वर्षांची एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. एक माणूस आला. ताई म्हणून बोलला, गाडी पलीकडे लागली आहे म्हणाला आणि आवारातच उभ्या असलेल्या शिवशाही गाडीकडे तिला घेऊन गेला. गाडीत अंधार आहे, हे तिने बोलूनही दाखवले होते, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. त्या गाडीत आपल्यावर बलात्कार झाल्याची फिर्याद तिने दिली. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या नावावर चोरीचे गुन्हे आधीपासूनच नोंदलेले होते.

धायरीपासून स्वारगेट दहाएक किलोमीटर. फलटणला जायचे असो, साताऱ्याला की सोलापूरला, आमच्याकडच्या बायाबापड्यांची वाट स्वारगेटवरूनच जाते. त्यामुळे ही बातमी आम्ही परक्या मुलखातली म्हणून वाचली नाही. पण बातमीइतकीच नंतरची चर्चा आम्हाला टोचली. राज्याचे गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी पत्रकारांना सांगितले की तिथे झटापट झाली नाही, विरोध झाला नाही, त्यामुळे आजूबाजूच्या लोकांना काही कळले नाही. चहूबाजूंनी टीका झाल्यावर आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा त्यांनी केला. गल्लीबोळातली माणसे तर आणखी सरळ बोलली. एवढ्या पहाटे एकटी कशाला गेली? अनोळखी माणसावर विश्वास कशाला ठेवला? ओरडली का नाही?

पहाटेची गाडी कोणी सोडली? एसटीने. तिकीट कोण देणार होते? एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायांनी अर्ध्या तिकिटात प्रवास करावा, म्हणून सरकारनेच सवलत दिली आणि तिची जाहिरातही केली. म्हणजे प्रवास कर असे सरकारनेच सांगायचे आणि प्रवासात घात झाला की प्रवासाला निघालीसच का, हेही तिलाच विचारायचे. स्थानक सरकारी, गाडी सरकारी, पहारा सरकारने नेमलेला. हिशेब मात्र त्या पोरीने द्यायचा.

हा सूर आमच्या ओळखीचा आहे

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हा सूर नवा वाटायचे कारण नाही. गेली कित्येक वर्षे आपण तोच ऐकत आलो आहोत. शेतकरी कर्जात का बुडाला? लग्नात उधळपट्टी केली म्हणून, दारू पितो म्हणून, अंथरूण पाहून पाय पसरत नाही म्हणून. कांद्याचा भाव का पडला? शेतकऱ्याने कांदा फार लावला म्हणून. निर्यातबंदी कोणी केली, परदेशातून माल कोणी आणला, हा प्रश्न बाजूलाच राहतो. शेतकऱ्याने गळफास घेतला तर अधिकारी पंचनाम्यात आधी त्याचे व्यसन आणि घरातले भांडण शोधतो. लुटला गेला त्याच्याच वागण्यात लुटीचे कारण शोधायचे, म्हणजे लुटणाऱ्याचे नाव घ्यायची वेळच येत नाही.

शेतकऱ्याला अडाणी ठरवले की आपल्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मग तेच बोलणे बाईच्या बाबतीत ऐकताना आपल्यातले कितीतरी जण मान का डोलावतात? चावडीवर, पारावर, दूध डेअरीच्या रांगेत, अगदी आपल्या बैठकीतही, पोरीनेच जपून राहायला हवे होते, असे म्हणणारे भेटतात. ते दुष्ट नसतात. पण शेतकऱ्याच्या बाबतीत ज्या युक्तिवादाला आपण खोटारडा म्हणतो, तोच युक्तिवाद ते बाईच्या बाबतीत खरा धरून चालतात. एका तराजूला दोन मापे चालत नाहीत, हे मापात मार खाल्लेल्या शेतकऱ्याला तरी कळायला हवे.

सल्ला पाळूनही काय झाले?

सल्ले कोणते असतात? रात्री बाहेर पडू नको. अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नको. एकटी जाऊ नको. अंग झाकून राहा. सल्ला पाळला असता तर वाचली असती, हा त्यामागचा हिशेब. तो तपासून पाहू.

१ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात बावीस वर्षांची एक तरुणी रात्रपाळीला निघाली. ती रस्त्यावरच्या गाडीत बसली नाही. कंपनीने नेमलेली गाडी तिला घ्यायला आली होती आणि ती त्याच गाडीत बसली. चालक आणि त्याचा साथीदार यांनी तिला गहुंज्याकडे नेले, बलात्कार केला आणि मारून टाकले. नोकरदार बाईला जो सल्ला दिला जातो तो तिने अक्षरशः पाळला होता. पुढचे ऐका. दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि २०१५ साली ती सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. पण अंमलबजावणीत सरकारी यंत्रणेने इतका उशीर लावला की त्याच कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेवर आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. फाशी असावी की नसावी हा वाद वेगळा. आमचा मुद्दा एवढाच की जी यंत्रणा बाईला क्षणोक्षणी सावध राहायला सांगते, तिला स्वतःच्या टेबलावरची फाईल वेळेत हलवायची सावधगिरी जमली नाही.

दुसरी गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी असतो, नातेवाईक असतो, मालक असतो, लग्नाचे वचन देणारा असतो. मग अंधाराला आणि अनोळखी माणसाला भ्यायला सांगणारा सल्ला शंभरातल्या किती जणींच्या उपयोगाचा? चोर घरात आणि कुलूप वेशीला, अशातला हा प्रकार आहे. उलट पोरीला घरात कोंडले, तर जिथे ओळखीच्या माणसाचा हात पोचतो तिथेच तिला ठेवल्यासारखे होते. आणि घराबाहेरची आम्ही नेहमी बोलतो, घरातली बोलायची झाली तर आपली जीभ अडखळते.

हा सल्ला वरच्या खुर्च्यांवरूनही येतो. मुंबईत २०१३ साली शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. ती कामावर होती आणि सोबत सहकारी होता. जानेवारी २०१४ मध्ये राज्य महिला आयोगाच्या एका सदस्याच भर सभेत बोलल्या की संध्याकाळी अशा ओसाड जागी जायचे कशाला, आणि बायांचे कपडे व वागणेही अशा गोष्टींना कारणीभूत असते. पुढे त्यांनी माफी मागितली. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादेत तर रात्रीच्या पार्टीला गेलात तर बलात्कार होऊ शकतो, अशा अर्थाचे फलक रस्त्यावर लागले आणि त्यावर वाहतूक पोलिसांचे नाव होते. ओरड झाल्यावर ते काढले. ज्यांना रखवालीसाठी पगार मिळतो, त्यांनीच मालधन्याला सांगायचे की रात्री धान्य ठेवू नका!

देसाईगंज ते स्वारगेट

विरोध केला नाही, म्हणजे संमती होती, हे म्हणणे महाराष्ट्राने फार महागात ऐकलेले आहे. २६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आजच्या गडचिरोलीतील, देसाईगंजची पोलीस चौकी. मजुरी करून पोट भरणारी एक अल्पवयीन आदिवासी मुलगी घरच्या तक्रारीच्या जबाबासाठी तिथे गेली आणि चौकीतच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने मुलीलाच खोटी आणि चवचाल ठरवून पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने विरोध केल्याचे दिसत नाही, सारे शांतपणे घडले, असा निष्कर्ष काढला. पोलीस ठाण्यात, दार बंद असताना, एका मजूर मुलीने दोन वर्दीवाल्यांशी कुस्ती खेळायला हवी होती म्हणे!

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिले. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या गुन्ह्यात, संमती नव्हती असे बाईने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाला. २००३ साली पुराव्याच्या कायद्यातले ते कलम गेले, ज्याच्या आधाराने वकील बाईचे चारित्र्य चव्हाट्यावर मांडत असत. २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ६३ मध्ये ते आहे.

म्हणजे एका मजूर मुलीच्या दुःखातून सुरू झालेली वाट चालत कायदा पुढे गेला. आणि २०२५ साली गृह खात्याचा मंत्री १९७८ च्याच जागी उभा राहून बोलतो. भीतीने माणसाची वाचा बसते, हे साप पाहिलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. गळ्यावर हात असताना ओरडावे की जीव वाचवावा, हे त्या क्षणी तिनेच ठरवायचे असते. जिवंत घरी आली, यात तिची चूक कुठली?

लेव्ही कोण भरते?

आपल्या पिढीने लेव्ही पाहिली आहे. घाम शेतकऱ्याचा, धान्य शेतकऱ्याचे, पण सरकार ठरवेल त्या पडेल भावाने इतके पोते घालायचेच. समाजाच्या पोटासाठी किंमत मोजायची ती एकट्या शेतकऱ्याने. सुरक्षिततेचा सल्ला ही बाईवर बसवलेली तशीच लेव्ही आहे. गुन्हा करतो पुरुष, बंदोबस्तात कसूर करते सरकार, आणि वसुली होते पोरीकडून.

वसुली कशात होते ते पाहा. शाळा दूर आहे, वाट निर्जन आहे, म्हणून सातवीनंतर शाळा बंद. ऊसतोडीला जाताना पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. यामागे गरिबी आहे, हुंडा आहे, पण पोरीचा घोर हेही मोठे कारण आहे, हे गावात कुणालाही विचारा. सातच्या आत घरात यायचे म्हणून चांगल्या पगाराची पाळी सोडायची. रात्री पाणी धरायला जाता येत नाही म्हणून नवरा वारल्यावर विधवेने शेत दिराला कसायला द्यायचे आणि तो देईल ते घ्यायचे. या साऱ्याची बेरीज कुणी मांडत नाही. ती मांडली तर बाईच्या दारिद्र्याचा मोठा वाटा या लेव्हीत सापडेल.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. लाखो बाया जमल्या. बाईच्या गुलामीची मुळे लुटीत आणि असुरक्षिततेत शोधावी लागतील, हा विचार शरद जोशींनी तिथे मांडला. भीती कायम राहिली, तर बाईला रक्षणकर्ता लागतो. रक्षणकर्ता आला की तो मालक होतो. ही साखळी तुटायची तर बाईला आणखी भिववून चालणार नाही, भीतीचे कारण काढावे लागेल.

मग सावधगिरी नकोच का?

इथे आया विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: आम्ही पोरीला सांभाळून जा असेही म्हणायचे नाही का? जगात लांडगे असतील तोवर लेकराला सावध करायला नको?

जरूर करा. उत्तर बिबट्याकडून शिकू. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याचा वावर आहे. वन खाते सांगते, रात्री एकट्याने शेतात जाऊ नका, हातात काठी ठेवा, बोलत जा, आवाज करत जा. सल्ला बरोबर आहे आणि शेतकरी तो पाळतोही. पण पंपाची वीज रात्रीच येते, तेव्हा शेतकरी काय म्हणतो? दिवसा वीज द्या, म्हणतो. त्यासाठी रास्ता रोको करतो. आणि एखाद्याला बिबट्याने नेले तर गावातला एकही माणूस म्हणत नाही की काठी नव्हती ना हातात, मग त्याचीच चूक. गाव त्याच्या घरी जाते, नुकसानभरपाई मागते, पिंजरा लावायला लावते. बिबट्या तर जनावर आहे, त्याला कायदा कळत नाही. बलात्कार करणाऱ्याला कळतो.

फरक इथे आहे. आई पोरीला आधी सांगते ती माया. आणि सांगताना पोरीची सोय करते, सायकल घेऊन देते, सोबत पाठवते, काही झाले तर आधी मला सांग म्हणते. घडल्यानंतर, ज्याच्यावर रखवालीची जबाबदारी होती तो जेव्हा सांगतो, तेव्हा तो सल्ला नसतो, हात झटकणे असते. त्याचा वाईट परिणाम असा की पोरगी घरी सांगतच नाही. आपल्यालाच बोल लागेल, शाळा बंद होईल, हे तिला पक्के ठाऊक असते. ती गप्प राहते, आणि गुन्हेगाराला दुसरी मुलगी गाठायला मोकळीक मिळते. दोष देणारा सल्ला कुणालाच वाचवत नाही. तो गुन्हेगारावर मात्र पांघरूण घालतो.

आपल्याच मुलखातला जुना दाखला आहे. सिंहगडापलीकडे भोर तालुक्यात रांझे गाव आहे. तिथल्या पाटलाने एका बाईशी बदअंमल केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडून पाटीलकी काढून घेतली, त्याचे १६४६ सालचे पत्र उपलब्ध आहे. हातपाय तोडण्याचे दिवस गेले, ते परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्या निवाड्यात विचारणा झाली ती पाटलाच्या करणीची, बाई कुठे आणि कोणत्या वेळी गेली होती याची नव्हे. महाराजांची जयंती धूमधडाक्यात करणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

स्वारगेटच्या प्रकरणात चांगलेही घडले, तेही सांगितले पाहिजे. आरोपी शिरूर तालुक्यातल्या गुणाट गावच्या उसात लपला होता. पोलिसांबरोबर गावकऱ्यांनी ऊस पालथा घातला आणि तीन दिवसांत तो सापडला. आपल्या गावचा म्हणून पाठीशी घातला नाही. गावाने ठरवले तर काय होते, ते गुणाटने दाखवले.

धायरीच्या बैठकीपुढे

२०१७ साली अकरा गावे पुणे महापालिकेत गेली, त्यात धायरीही. मळ्यांच्या जागी सोसायट्या उठल्या. ग्रामपंचायत गेली आणि दिवा बंद पडला तर कुणाच्या दारात जायचे, हेच बायांना कळेनासे झाले. धुणीभांडी करणाऱ्या, दुकानात, कारखान्यात, दवाखान्यात काम करणाऱ्या शेकडो बाया पहाटे निघतात आणि अंधारात परततात. त्यांना सहा-सातच्या आत घरी या म्हणणे म्हणजे चूल बंद करा म्हणणे. म्हणून नुसते भाषण न करता बैठकीने पुढील गोष्टी ठरवाव्यात, अशी आमची सूचना आहे.

१. मुलींसाठी सूचनांचे पत्रक काढायचे असेल तर त्यात आधी पोलिसांनी, महापालिकेने, पीएमपीने आणि पुरुषांनी काय करायचे ते छापावे. मुलींसाठीच्या सूचना त्यानंतर. आणि शेवटी ठळक अक्षरांत: यातले काहीही केलेले नसले तरी दोष गुन्हेगाराचाच.

२. धायरी फाट्यापासून उंबऱ्या गणपती चौकापर्यंत आणि तिथून आतल्या वस्त्यांपर्यंत बायांनी रात्री गटाने चालून पाहावे. बंद दिवे, अंधारे थांबे, गुत्त्याजवळच्या अडचणीच्या जागा लिहून काढाव्यात. यादी क्षेत्रीय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात द्यावी, पोच घ्यावी, महिन्याने पुन्हा चालावे.

३. तक्रार द्यायला बाई एकटी जाणार नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने फिर्याद घेतली पाहिजे. बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. फिर्यादीची प्रत आणि दवाखान्यातले उपचार मोफत आहेत. तातडीला ११२ क्रमांक आहे. हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे.

४. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती सक्तीची आहे. बाजार समित्या, दूध संघ, साखर कारखाने यांना विचारावे: समिती आहे का, फलकावर नावे आहेत का? घरकामगार आणि शेतमजूर बायांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता वस्तीवस्तीत लावावा.

५. अशा प्रकरणात मिटवामिटवीच्या बैठकीला आपला कोणीही कार्यकर्ता बसणार नाही. पैसे घेऊन गप्प बसवणे, त्याच मुलाशी लग्न लावणे, पोरीला मामाच्या गावी धाडणे, यातल्या कशालाही आपली साक्ष नसेल.

६. घर आणि जमीन यांवर बाईचे नाव लावण्याचे लक्ष्मीमुक्तीचे काम जिथे थांबले असेल तिथे पुन्हा हाती घ्यावे. ज्या बाईला स्वतःचे छप्पर आहे, तिला घरातल्या गुन्हेगारासमोर मान खाली घालावी लागत नाही.

पुरुषांसाठी एक वेगळे सांगणे. पोरीला बसवून आपण शंभरदा सांगितले. आता पोरालाही बसवून सांगा. नाही म्हटले की नाही. बसमध्ये, बांधावर, कॉलेजच्या वाटेवर, मित्र काही करत असेल तर हसायचे नाही, अडवायचे. हे सांगायला पैसा लागत नाही, सरकारचा ठराव लागत नाही.

आपल्यावरची लेव्ही उठावी म्हणून आपण तुरुंगात गेलो. आपल्याच घरातल्या बाईवरची ही लेव्ही उठवायला कुठेही जावे लागणार नाही. ती वसूल करणाऱ्यांत आपण आहोत, तिथून बाजूला व्हायचे आहे.